कंप थांबला, चालण्याचे काय?

पार्किन्सनवरील ‘डीप ब्रेन स्टिम्युलेशन’ (मेंदूत तारा बसवून यंत्राने विजेची सूक्ष्म स्पंदने देणे) या शस्त्रक्रियेच्या बातम्यांत थरथरणारा हात क्षणात स्थिरावलेला दाखवतात. ते खोटे नाही. फ्रान्समधील ग्रेनोबल येथे अलीम-लुई बेनाबिद यांनी १९८७ मध्ये सुरुवात केली ती कंपासाठीच. पण घरच्यांना धास्ती असते ती चालण्याची. दारातून जाताना, वळताना पाय जमिनीला खिळतात आणि माणूस कोसळतो.

इथे हिशेब वेगळा आहे. लेव्होडोपा या पार्किन्सनवरील मुख्य औषधाच्या गोळीने चाल सुधारत असेल, तर शस्त्रक्रियेनेही सहसा सुधारते. गोळीचा पूर्ण अंमल असतानाही पाय अडत असतील, तोल जात असेल, तर फारशी आशा धरू नये. काहींचा तोल आणि बोलणे नंतर बिघडतेही. म्हणून आधी गोळी थांबवून आणि मग देऊन, दोन्ही वेळा चाल तपासतात. नेमकी हीच चाचणी बातम्यांत क्वचित दिसते!

यंत्र बसवले की काम संपले, असेही नाही. साधारण १३० हर्ट्झची (सेकंदाला १३०) स्पंदने ६० च्या आसपास उतरवल्यावर काहींचे अडणे कमी होते, मात्र कंप पुन्हा डोके वर काढू शकतो. ही जुळवाजुळव महिनोन्महिने चालते, आणि चालण्याचा व्यायाम तर सुटत नाहीच.

– एक वाचक