ट्यूटोरियलमध्ये खडू कुणाच्या हातात?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रसायनशास्त्राच्या ट्यूटोरियलमध्ये, म्हणजे व्याख्यानाला जोडून होणाऱ्या सरावाच्या तासात, मुलंच गणितं सोडवतात आणि बाई नुसत्या बघत उभ्या असतात, अशी तक्रार पालकांकडून हल्ली वरचेवर ऐकू येते. ‘मग पगार कशाचा?’ हा पुढचा प्रश्न ठरलेलाच. पदवीच्या वर्गांना भौतिक रसायन शिकवणारी शिक्षिका म्हणून या उभं राहण्याबद्दल चार शब्द लिहिते.

परवा एका गटापुढे १०० मिलिलिटर ०.१ मोलर तीव्रतेचं ॲसेटिक ॲसिड होतं, अर्थात कागदावर. त्यात तेवढ्याच तीव्रतेचं ५० मिलिलिटर सोडियम हायड्रॉक्साइड हे अल्क घातलं तर पीएच (आम्लतेचा आकडा: सात म्हणजे उदासीन, खाली आम्लधर्मी, वर अल्कधर्मी) किती? बफरचं, म्हणजे सौम्य आम्ल आणि त्याचा क्षार यांच्या मिश्रणाचं सूत्र लागलं, ४.७४ आलं, सगळे खूश. मग ५० च्या जागी १०० मिलिलिटर. एकीने तेच सूत्र लावलं. ॲसिड संपलेलं, म्हणून छेदात शून्य, आणि कॅल्क्युलेटरवर ‘एरर’. शेजारच्या मुलाने लगेच तोड काढली, ‘अगं, थोडं ॲसिड उरलंच असेल की, ०.०००१ धर.’ उत्तर आलं ७.४४. ‘उदासीन झालं म्हणजे सातच येणार’ असं मघापासून घोकणाऱ्या तिसऱ्याला तर त्यात पुरावाच सापडला. चूक अशी सोयीची निघाली की ती पक्की बसायला वेळ लागत नाही.

तेवढ्यात एरवी फारसं न बोलणारी एक मुलगी म्हणाली, ‘पण बीकरमध्ये आता आहे तरी काय?’ इथून चर्चेची गाडी रुळावर आली. बीकरमध्ये फक्त सोडियम ॲसिटेट, तेही २०० मिलिलिटरमध्ये, म्हणजे तीव्रता ०.०५ मोलर. ॲसिटेट पाण्याकडून प्रोटॉन घेतो, हायड्रॉक्साइड तयार होतो, द्रावण अल्कधर्मी. पीएच ८.७२. भांडण धरून वीसेक मिनिटं गेली. मी फळ्यावर दोन मिनिटांत करून दिलं असतं, सर्वांनी उतरवून घेऊन उत्तराखाली दोन रेघा ओढल्या असत्या आणि आकडे बदलल्यावर पुन्हा छेदात शून्य आलं असतं. त्या वीस मिनिटांत तोंड न उघडणं हे तासभर बोलण्यापेक्षा अवघड काम आहे, हे कोणत्याही शिक्षकाला विचारा.

ही पद्धत काही आमच्या डोक्यातून निघालेली नाही. न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात १९९० च्या दशकात रसायनशास्त्राच्याच वर्गांसाठी ती आकाराला आली. तो विषय आधी चांगला उत्तीर्ण झालेला विद्यार्थी सहा-आठ जणांचा गट चालवतो, पण उत्तरं सांगत नाही. विज्ञान व गणिताच्या वर्गांवरील २२५ अभ्यासांचा २०१४ साली एकत्र आढावा घेतला गेला. नुसत्या व्याख्यानाच्या वर्गांत नापासांचं प्रमाण सरासरी ३४ टक्क्यांच्या घरात होतं, विद्यार्थी स्वतः काही करतात अशा वर्गांत २२ टक्क्यांच्या. हार्वर्डमधल्या भौतिकशास्त्राच्या वर्गांचा २०१९ चा अभ्यास पालकांसाठी अधिक मोलाचा. स्वतः झगडून शिकलेल्या विद्यार्थ्यांना वाटलं, आपण कमी शिकलो. चाचणीत मात्र गुण त्यांनाच जास्त पडले. तेव्हा मूल घरी येऊन ‘आज काहीच शिकवलं नाही’ म्हणालं, तर तेवढ्यावर निकाल देऊ नये.

पण याचं नाव पुढे करून जे चालतं, त्याची तरफदारी मी करणार नाही. वर्गातल्या हुशार मुलाच्या हाती खडू द्यायचा आणि आपण हजेरीपट भरायचा, याला ट्यूटोरियल म्हणत नाहीत. तो हुशार मुलगा सगळं एकटाच सोडवतो, बाकीचे त्याचं उतरवतात. फक्त बाईंच्या जागी तो आला. गट चालवणाऱ्याशी दर आठवड्याला शिक्षकाने आधी बसावं लागतं. मुलं कुठे अडतील, तेव्हा कोणता प्रश्न टाकायचा, हे ठरवावं लागतं. त्याच्या हाती उत्तरांचा कागद देऊ नये. आणि गणितं अशी हवीत की एका सूत्रात आकडे घालून सुटणार नाहीत. ती तयार करण्यात माझी संध्याकाळ जाते, पगाराचा हिशेब मागणाऱ्यांनी हेही मांडावं. उलट शिक्षकांची पदं रिकामी ठेवून वरच्या वर्गातल्या मुलांवर फुकटात भागवायचा विचार कुणा व्यवस्थापनाच्या मनात असेल, तर पालकांची तक्रार रास्तच ठरेल. गट चालवणाऱ्यांना मानधन किंवा श्रेयांक मिळायलाच हवेत.

खरी अडचण परीक्षेची आहे. प्रश्नपत्रिका ‘पीएच काढा’ एवढंच विचारते आणि शेवटच्या आकड्याला गुण देते. मग ‘बाई, सूत्र सांगा ना, वेळ कशाला घालवायचा?’ म्हणणाऱ्या मुलांना दोष कसा देणार? अभ्यास मंडळांनी निदान एवढं करावं: अशा प्रत्येक गणिताखाली ‘हेच सूत्र का वापरलं ते दोन ओळींत लिहा’ असा उपप्रश्न घालावा आणि त्याला आकड्याइतकेच गुण ठेवावेत.

आपली विश्वासू,
रसायनशास्त्राची एक प्राध्यापिका