सूचना : रविवार, 26 एप्रिल 2026, लीथ हिल

सभासदहो, नमस्कार.

इंग्लंडच्या काउंटी शिखरांच्या, म्हणजे प्रत्येक काउंटीतल्या (परगण्यातल्या) सर्वांत उंच जागांच्या, यादीत या वेळी सरे काउंटीतली लीथ हिल ही टेकडी. रविवारी सकाळी साडेनऊला विंडी गॅपच्या कारपार्कमध्ये जमायचे आहे. रेल्वेने येणाऱ्यांनी डॉर्किंगला उतरावे. तिथून गाडी हवी असलेल्यांनी आणि गाडीत जागा असलेल्यांनी शुक्रवारपर्यंत कळवा.

लीथ हिलची उंची 294 मीटर, म्हणजे 965 फूट. रिचर्ड हल यांनी 1765 मध्ये माथ्यावर बुरूज बांधला, त्याच्या गच्चीवर पोचलात की तुम्ही हजार फुटांच्या वर असता. आपल्या नोंदवहीत मात्र जमिनीचाच सर्वोच्च बिंदू धरला जातो. नुसता बुरुजावरचा फोटो चालणार नाही. तरीही बुरूज उघडा असेल तर नक्की चढा. हवा स्वच्छ असली तर दक्षिणेकडे, टेकड्यांच्या फटीतून समुद्राची चकाकती रेघ दिसते.

काही विनंत्या :

- विंडी गॅपच्या पायऱ्या उभ्या आहेत. चिखलात घसरणार नाहीत असेच बूट घाला. गुडघ्यांचा त्रास असेल तर आधी सांगा, कमी चढाची वाटही आहे.
- ब्लूबेल फुलांचा हंगाम आहे. फोटोसाठीसुद्धा पायवाट सोडू नका. एकदा तुडवलेली रोपे सावरायला वर्षे लागतात.
- डबा आणि पाणी सोबत आणा, कचरा परत न्या.

पाऊस असला तरी जाणार आहोत. वादळाचा इशारा आला तरच बेत रद्द. तसे शनिवारी रात्री आठपर्यंत कळवू.