खालच्या मजल्यावरच्या काकांना वाचून दाखवण्यासाठी

एडिसन, न्यू जर्सी

ती. आई-बाबांस सा. न. वि. वि.,

काका-काकूंच्या मुलाला इथे व्हिसाच्या कागदांतल्या फसवणुकीच्या आरोपाखाली अटक झाली आहे. परवा फोनवर ते दोघं शेजारीच बसले होते आणि काकूंचं रडू थांबत नव्हतं, त्यामुळे मला नीट बोलता आलं नाही. म्हणून लिहून पाठवतेय. बाबा, याची प्रिंट काढा आणि काकांना सावकाश वाचून दाखवा. माझं रोजचं काम अशाच केसेसच्या कागदांचं आहे, त्यामुळे हे ऐकीव नाही.

आजपासूनच पाळायची गोष्ट आधी सांगते. मुलगा तुरुंगातून फोन करेल तेव्हा केसबद्दल एक अक्षर बोलायचं नाही. वकिलाशी होणारं बोलणं सोडलं तर तिथले कॉल रेकॉर्ड होतात. मराठीत बोललं की त्यांना कळणार नाही, हा समज काढून टाका. ते अनुवादक बसवून कॉल उतरवून घेतात. "अरे, ते पत्र खोटं आहे हे तू तेव्हाच त्यांना सांगायचं होतंस ना?" असं त्याची आई मायेपोटीच म्हणते. पण त्याला आधीपासून माहीत होतं, नेमकं हेच तर सरकारला सिद्ध करायचं आहे, आणि ते आईच्या तोंडून मिळतं. जेवलास का, झोप लागते का, वकील येऊन गेले का, एवढंच विचारा. व्हॉट्सअ‍ॅपवरचे जुने मेसेज कुणीही डिलीट करू नका. पुरावा नष्ट करण्याच्या कलमात २० वर्षांपर्यंत शिक्षा आहे, म्हणजे मूळ आरोपाच्या दुप्पट. आणि मलाही केसमधलं काही सांगू नका. मी त्याची वकील नाही, तेव्हा मला सांगितलेलं गोपनीय राहत नाही.

आता आरोप. टायटल १८, म्हणजे इथला फौजदारी कायदा, त्यातलं कलम १५४६, व्हिसाच्या कागदपत्रांतली फसवणूक. त्याला नोकरी देणाऱ्या कन्सल्टन्सीनं एच-१बीच्या, म्हणजे इथल्या नोकरीच्या व्हिसाच्या, अर्जाला एका क्लायंट कंपनीचं पत्र जोडलं, तिथे ते काम नव्हतंच आणि हे त्याला ठाऊक होतं, असं सरकारचं म्हणणं. बातमीत छापलेली १० वर्षांची शिक्षा ही कायद्यातली कमाल मर्यादा आहे. प्रत्यक्षात न्यायाधीश शिक्षेच्या गाइडलाइन्सच्या तक्त्यापासून सुरुवात करतात, त्यात पातळी जितकी वर तितकी शिक्षा जास्त, आणि तिथे मोठा फरक पडतो. माणसानं स्वतःसाठी कागद मिळवले असतील तर पातळी ८ पासून मोजतात. आधीचा गुन्हा नसेल तर तक्ता ० ते ६ महिने दाखवतो. दुसऱ्यांसाठी कागदांचा व्यवहार केला असेल तर सुरुवातच ११ पासून होते, आणि कागद ६ ते २४ असले तर आणखी ३, २५ ते ९९ ला ६, १०० किंवा जास्त असले तर ९ पातळ्या चढतात. म्हणून तो नुसता नोकर होता की मित्रांनाही त्या कंपनीत आणत होता, या प्रश्नाला एवढं वजन आहे. त्याचं उत्तर काकांनी फोनवर शोधू नये.

बाबा, तुम्ही पाठवलेली मिशिगनच्या 'युनिव्हर्सिटी ऑफ फार्मिंग्टन'ची बातमी खरी आहे. ते विद्यापीठ सरकारनंच सापळा म्हणून उभं केलं होतं. पण २०१९ मध्ये फौजदारी आरोप ठेवले ते विद्यार्थी आणून देणाऱ्या आठ जणांवर. विद्यार्थ्यांवर झाली ती इमिग्रेशनची कारवाई. दोन वाटा वेगळ्या आहेत. याच्यावर मात्र दोन्ही एकदम चालणार आहेत, म्हणून दोन वकील लागतील: एक फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या कोर्टात, फौजदारी बचाव करणारा आणि एक इमिग्रेशनचा. कोर्टात उभा राहणार पहिला, पण दुसऱ्यानं वाचल्याशिवाय एकाही कागदावर सही होता कामा नये.

"सरकारी वकील आपल्या बाजूनं कसा लढेल?" असं काका विचारत होते. आपल्याकडे सरकारी वकील म्हणजे आरोपीविरुद्ध उभा राहणारा, म्हणून हा घोटाळा होतो. इथे तो माणूस यूएस अटर्नीच्या ऑफिसातला. फेडरल पब्लिक डिफेंडर त्याच्या विरुद्ध बाजूला असतो. त्याचा पगार सरकार देतं, पण तो फक्त आरोपीचा. ऐपत नसलेल्या आरोपीला तो मिळतो, नागरिकत्व बघत नाहीत. त्यांचा हात याच कोर्टात बसलेला असतो. घर गहाण टाकून नावाजलेला वकील गाठण्याआधी काकांनी हे मनात धरावं. खासगी वकील करायचाच असेल तर त्याचं लायसन्स राज्याच्या बारकडे तपासा, आणि ठरलेल्या फीमध्ये ट्रायल धरली आहे की तिचे पैसे वेगळे, हे लेखी घ्या. पुढचे वाद बहुतेक इथेच होतात.

जामिनाच्या सुनावणीसाठी सरकार तीन दिवसांपर्यंत मुदत मागू शकतं, बचाव पक्ष पाचपर्यंत. ते पाच दिवस वाया गेले असं समजू नका, त्यातच जामीनदार तयार करायचे असतात. आई-वडील भारतात आणि व्हिसा कंपनीच्या हातात, म्हणजे हा पळून जाईल असं सरकार म्हणणार. त्याला उत्तर म्हणजे इथे राहणारा, नागरिक किंवा ग्रीन कार्डवाला, हमी घेणारा माणूस, कायमचा पत्ता, जमा केलेला पासपोर्ट, गरज पडली तर पायात जीपीएसचा पट्टा. सांगलीच्या घराचा सातबारा इथे कुणी बघत नाही.

आणखी एक अडचण बरेच जण विसरतात. फौजदारी कोर्टानं सोडलं तरी इमिग्रेशनवाले, म्हणजे आइस, त्याला दारातच ताब्यात घेऊ शकतात. त्यांना ठरवायला वेळ मिळावा म्हणून कोर्ट व्हिसावरच्या माणसाला १० दिवसांपर्यंत अडकवून ठेवू शकतं. मग तो लांबच्या डिटेन्शन सेंटरमध्ये आणि वकील इथे, असं होऊन बसतं. म्हणून जामीन कधी मागायचा हे दोन्ही वकिलांनी बसून ठरवावं. "लगेच सोडवा" म्हणून मागे लागू नका.

बचाव उभा राहतो कागदांवर. एच-१बीचा मूळ अर्ज, आय-१२९, त्यावर सही मालकाची असते, कर्मचाऱ्याची नसते. मुलानं स्वतः दिलेली माहिती असते डीएस-१६० या व्हिसाच्या फॉर्ममध्ये आणि कॉन्सुलेटच्या खिडकीवर. त्यामुळे वकील आधी हे बघतात की, खोटं वाक्य कुणाच्या सहीखाली आहे. डीएस-१६० भरायला कुणी मदत केली का, हा प्रश्न त्या फॉर्ममध्येच असतो. एजंटनं भरून तिथे 'नाही'वर खूण केली असेल, तर फॉर्म कुणाच्या कॉम्प्युटरवरून, कुणाच्या ईमेलवरून गेला हे काढता येतं. ते क्लायंट पत्र त्याला कधी दाखवलं होतं का? की कॉन्सुलेटमध्ये व्हिसाच्या स्टॅम्पिंगला जायच्या आदल्या रात्री पीडीएफचा गठ्ठा पाठवून "इंटरव्ह्यूला एवढं बोल" सांगितलं? सॅलरी स्लिप, डब्ल्यू-२ (वर्षाच्या पगाराचा आणि कापलेल्या कराचा दाखला), टाइमशीट, जिथे खरंच काम केलं तिथले ईमेल, हे सगळं सोनं आहे. सरकारकडची त्याची इमिग्रेशनची फाइल, ए-फाइल, वकील मागून घेतील. तिच्यात अधिकाऱ्यांच्या नोंदीही असतात.

काकांनी तिथून काय पाठवायचं? वकील मागतील तेवढंच, आणि मूळ कागद आहे तसा. जुन्या कंपनीकडून 'सुधारित' अनुभवपत्र आणायचं कुणी सुचवेल. तो नवा गुन्हा होईल, आणि तो केला असेल घरच्यांनी.

आता ज्यासाठी मी मुख्यतः लिहायला बसले ते. बहुतेक फेडरल केसेस तडजोडीनं, गुन्हा कबूल करून संपतात. इथल्या नागरिकाला १२ महिने १ दिवस अशी शिक्षा मिळाली तर त्याचा वकील खूश होतो, कारण एक वर्षाच्या वरच्या शिक्षेतच चांगल्या वर्तणुकीची सूट मिळते, वर्षाला ५४ दिवसांपर्यंत. म्हणजे दिवस एक वाढतो आणि सुटका लवकर होते. आपल्या मुलासाठी तोच फायदा घातक आहे. कलम १५४६ खाली १२ महिने किंवा जास्त शिक्षा झाली की इमिग्रेशन कायदा तिला 'अ‍ॅग्रव्हेटेड फेलनी' धरतो, म्हणजे इमिग्रेशनच्या नजरेत गंभीर गुन्हा, आणि हद्दपारीतून वाचण्याचे जवळपास सगळे मार्ग बंद होतात. ११ महिने झाली तर वेळ जास्त काढावा लागेल, पण तो शिक्का टळतो. तसंच फसवणुकीच्या कलमात नुकसानीचा आकडा १०,००० डॉलरच्या वर कबूल केला तरी हाच शिक्का. मसुद्यातल्या त्या एका आकड्यावर दोन-दोन आठवडे घासाघीस चालते, आणि चालायलाच हवी. अमेरिकन सुप्रीम कोर्टानं २०१० मध्ये पडिया खटल्यात सांगितलं आहे की, कबुलीमुळे हद्दपारी होईल का हे आरोपीला सांगणं बचाव वकिलाचं कर्तव्य आहे. काकांनी वकिलांना एवढंच विचारावं: "हा मसुदा इमिग्रेशनच्या वकिलांनी वाचला का?"

भारतीय कॉन्सुलेटला अटक आपोआप कळवली जात नाही. भारताच्या बाबतीत आरोपीनं स्वतः सांगावं लागतं. त्यानं न्यूयॉर्कच्या कॉन्सुलेटला कळवा म्हणून सांगितलं का, हे वकिलांकडून विचारून घ्या. काकांना परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवरही नोंद करता येईल. कॉन्सुलेट केस लढत नाही, पण तिथला माणूस भेटायला जाऊ शकतो.

पैसे पाठवायचे तर बँकेतून, परदेशी रक्कम पाठवण्याचा ए-२ फॉर्म भरून. वर्षाला १० लाखांच्या वरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापतील. रिटर्न भरताना तो करात वळता होतो, पण तोवर अडकतो, म्हणून सगळी रक्कम काकांच्या एकट्याच्या नावानं पाठवण्याआधी सीएंना विचारा. "कोर्टातून बोलतोय, जामिनाचे पैसे आत्ता भरा" असा फोन आला तर ठेवून द्या. फेडरल कोर्ट असं मागत नाही.

दिवाळीपर्यंत सुटेल का, याचं उत्तर नाही असंच धरा. अटकेनंतर ३० दिवसांत आरोपपत्र आणि पुढे ७० दिवसांत खटला असा नियम आहे, पण तारखा पुढे जातात आणि बऱ्याचदा बचाव पक्षच त्या मागतो, कागद वाचायला. तारीख पुढे गेली म्हणून काकूंनी जेवण सोडू नये.

आई, तू रोज संध्याकाळी खाली जाऊन बसतेस ते चालू ठेव. इथले नऊ म्हणजे सध्या तुमचे साडेसहा. वकिलांचं ऑफिस तेव्हा उघडतं. काकांचे प्रश्न एका वहीत लिहून ठेवा आणि एकाच फोनमध्ये विचारा.

तुमची,
ताई