फुकुशिमाच्या आधी छपरावर चढलेलं ऊन

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

जपानमधल्या फुकुशिमा अणुप्रकल्पाच्या २०११ मधल्या अपघाताने जर्मनी एका रात्रीत सूर्य-वाऱ्याकडे वळला, असा आपल्या अंकातील लेखाचा सूर होता. मी तेव्हा नवऱ्याच्या नोकरीमुळे स्टुटगार्टला राहत होते, म्हणून हे पत्र.

१२ मार्च २०११, शनिवार. त्या सकाळी फुकुशिमाच्या पहिल्या अणुभट्टीच्या इमारतीत स्फोट झाल्याची बातमी आली आणि दुपारी आमची सत्तरीची घरमालकीण मला हाताला धरून रस्त्यावर घेऊन गेली. नेकारवेस्टहाइमच्या अणुप्रकल्पापासून स्टुटगार्टपर्यंत ४५ किलोमीटरची मानवी साखळी, जवळजवळ ६० हजार माणसं. एका दिवसात एवढी माणसं जमली कशी, असं मी विचारलं. ती म्हणाली, हे कधीचंच ठरलंय. आदल्या वर्षी मेर्केल सरकारने अणुभट्ट्यांचं आयुष्य सरासरी १२ वर्षांनी वाढवलं होतं, त्याविरुद्धची ती साखळी होती.

सोव्हिएत युनियनमधल्या चेर्नोबिलच्या अणुअपघातानंतर, १९८६ च्या मे महिन्यात, किरणोत्सर्गाच्या भीतीने तिने अंगणातली मुलांची खेळायची वाळू उपसून टाकली होती आणि कित्येक आठवडे मुलांना ताजं दूध न देता भुकटीचं दिलं होतं. तिच्या छपरावर २००५ पासून सौर पॅनेल होते. २००० सालच्या कायद्याने अशा विजेला २० वर्षं ठरलेला भाव आणि ग्रिडमध्ये, म्हणजे वीजवाहिन्यांच्या जाळ्यात, पहिला मान दिला होता. त्या जोरावर देशाच्या विजेतला अपारंपरिक ऊर्जेचा वाटा २००० मध्ये ६ टक्क्यांच्या आसपास होता, तो २०१० पर्यंत १७ टक्क्यांवर गेला. फुकुशिमानंतर काही दिवसांतच सर्वांत जुन्या ७ अणुभट्ट्या बंद करायचं धाडस सरकारला झालं, त्यामागे ही दहा वर्षांची तयारी होती. शेवटच्या तीन १५ एप्रिल २०२३ ला बंद झाल्या; त्यांत नेकारवेस्टहाइमचीही एक होती. अणुभट्ट्या आधी बंद आणि कोळशाची वीज थेट २०३८ पर्यंत चालू, हा क्रम मात्र मला आजही चुकीचा वाटतो.

जपानचंच पाहा. सौरविजेला ठरलेला भाव देणारं विधेयक तिथल्या मंत्रिमंडळाने ११ मार्च २०११ लाच, ज्या भूकंपातून फुकुशिमाचा अपघात घडला त्याच्या काही तास आधी, मंजूर केलं होतं. ते लागू झालं जुलै २०१२ मध्ये. तोवर देशातल्या सगळ्या अणुभट्ट्या एकदा थांबून झाल्या होत्या आणि ती उणीव मुख्यत्वे आयात गॅस, तेल, कोळसा जाळून भरली जात होती. भीती दोन्ही देशांत सारखीच होती. एकाच्या छपरांवर पॅनेल आधीच चढले होते, दुसऱ्याच्या अजून चढायचे होते.

माझं माहेर राजापूर तालुक्यातलं. फुकुशिमानंतर सव्वा महिन्याने जैतापूर आंदोलनात गोळीबार होऊन एक जीव गेला, तेव्हा मी स्टुटगार्टहून घरी रोज फोन करत होते. माडबनला ९,९०० मेगावॉटचा हा जैतापूर अणुप्रकल्प हवा की नको, यावर गावात अजून वाद होतात आणि मी स्वतः 'नको' म्हणणाऱ्यांतली आहे. पण 'नको' म्हणणाऱ्याच्या छपरावर पॅनेल चढावेत, त्यांची वीज वेळेत विकत घेतली जावी, यासाठी आपल्याकडे त्याच आवेशाने कोण भांडतं? माझ्या भावाने गेल्या गणपतीआधी तीन किलोवॉटचे पॅनेल बसवले. नेट मीटरसाठी, म्हणजे छपरावरची जादा वीज ग्रिडला दिल्याची नोंद ठेवणाऱ्या मीटरसाठी, अर्ज करून सात महिने झाले, तीन खेपा झाल्या. मीटर अजून आलेलं नाही आणि दुपारची वीज छपरावरच वाया जाते आहे.

आपली,
एक वाचक, कोथरूड, पुणे