कॅमेरा विकत न घेतल्याबद्दल

तीर्थस्वरूप काकांस,
सादर नमस्कार.

हे पत्र पोस्टाने मिरजेला येईलच. पण ते वाचून झालं की तुम्ही घडी घालून चष्म्याच्या घरात ठेवाल आणि दुसराच विषय काढाल, हे मला माहीत आहे. दुकानात कुणी आभार मानायला लागलं की तुम्ही लगेच विचारायचात, "पावती घेतलीत का?" म्हणून या वेळी सगळ्यांदेखत लिहिते आहे.

२०११ चा ऑक्टोबर. पाऊस नुकताच उघडला होता. नारायण पेठेतलं भाड्याचं घर सोडून आम्ही धायरीला निघालो होतो आणि मी माळा रिकामा करत होते. त्यात कातडी केसमधला पेन्टॅक्स के-१००० कॅमेरा निघाला. मी अकरावीत असताना, १९९१ साली, मस्कतच्या मामाने आणलेला. लग्नानंतर दोन-तीन वर्षं वापरला, मग मुलगा झाला आणि २००३ मध्ये तो माळ्यावर गेला. सामान कमी करायचं होतं. पासोड्या विठोबाच्या देवळापासून आत वळलं की एका वाड्याच्या जिन्याखाली जुने कॅमेरे घेणारे एक काका बसतात, असं कुणीतरी सांगितलं आणि मी पिशवी घेऊन तुमच्याकडे आले.

तुम्हाला हे कधी सांगितलं नाही, पण त्या दिवशी मी नुसता कॅमेरा विकायला आले नव्हते. फोटो काढणं माझ्यापुरतं संपलं होतं. २००७ मध्ये डिजिटल कॅमेरा घेतला होता. पर्वतीवर एका सकाळी चारशे फोटो काढायचे, घरी येऊन संगणकावर उतरवायचे आणि पुन्हा कधी उघडायचेच नाहीत, असं दोन वर्षं चाललं. मग ओळखीतल्या एका लग्नाचं काम अंगावर घेतलं. कार्ड बिघडलं आणि सप्तपदीपासून पुढचं सगळं गेलं. मुलीची आई मला एका शब्दाने बोलली नाही. पण त्यानंतर कुठे भेटली तरी माझ्याकडे बघायची नाही. कॅमेरा हातात घेतला की तिचा चेहरा आठवायचा, आणि हळूहळू मी तो हातात घेणंच सोडलं.

तुम्ही पेन्टॅक्स हातात घेतलात, पण मागचं झाकण उघडलं नाहीत. आधी रिवाइंडची कळ बाणाच्या दिशेने हलकेच फिरवून पाहिलीत. ती अडली.

"यात रोल आहे."

मला आठवतही नव्हतं. काढलेले फोटो मोजणारा आकडा २३ वर होता. तुम्ही म्हणालात, "छत्तीसचा रोल दिसतोय. तेरा शिल्लक आहेत. ते संपवून आण, मग भावाचं बोलू."

मी म्हटलं, रोल काढून टाका ना. तुम्ही ऐकलंच नाही असं दाखवून लेन्स उतरवलीत, खिडकीशी तिरपी धरलीत आणि मला आत बघायला लावलंत. काचेच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे पसरले होते. आठ पावसाळे कातड्याच्या केसमध्ये, माळ्यावरच्या अंधारात. कातडं ओल धरून ठेवतं, बुरशीला आणखी काय हवं! "अंथरुणा-पांघरुणाला उन्हं दाखवता ना," तुम्ही म्हणालात, "तशी यालाही दाखवायची असतात." आठ दिवसांनी या, असं सांगून तुम्ही लेन्स ठेवून घेतलीत. कडेला एका जागी बुरशीने काचेवरचा लेप खाल्ला होता, तो काही परत आला नाही. आजही तिथे नखाएवढा डाग आहे. एकाही फोटोत तो दिसत नाही, पण मला तो कुठे आहे ते माहीत आहे.

लेन्स मिळाल्यावर ते तेरा फोटो काढायला मला तीन आठवडे लागले. पहिले चार दिवस तर एकही नाही. सवय अशी की आधी दहा काढायचे आणि मग बघायचं. इथे एक काढला की बारा उरणार, आणि कसा आलाय ते बघायचीही सोय नाही. मग मी नुसती हिंडले. सकाळी सहाला मंडईत जाऊन उभी राहायचे. १८८६ मध्ये सुरू झालेली ती इमारत, तिचा तो अष्टकोनी मनोरा, हे लहानपणापासून रोजचं. पण सूर्य वर आला की उजेड गाळ्यांमध्ये कुठून शिरतो, आधी कोणत्या ढिगावर पडतो आणि किती वेळ टिकतो, हे पस्तिशी ओलांडेपर्यंत मी पाहिलंच नव्हतं. कोथिंबिरीच्या जुड्या सोडवणाऱ्या एका बाईंच्या मनगटावर तो जेमतेम सात-आठ मिनिटं थांबायचा. मंडईतल्या तिसऱ्या सकाळी मी चोविसावा फोटो काढला.

बाकीचे कुठले काढले ते तुम्ही पाहिलेच आहेत. सासूबाई रिकाम्या स्वयंपाकघरात भिंतीतला शेवटचा खिळा उपटताहेत, तो त्यातला मला सर्वांत प्रिय. आम्ही राहायचो त्या वाड्याच्या जागी आता सहा मजली इमारत आहे. रोलमधल्या पहिल्या तेवीस फोटोंवर आठ वर्षांचं धुकं चढलं होतं, माझा रांगता मुलगा त्यात कुठे कुठे ओळखू येतो. पण खिळ्याचा फोटो स्वच्छ आहे. तो काढताना मी श्वास रोखून धरला होता, एवढंच आठवतं.

छत्तिसावा फोटो मी तुमच्या दुकानात काढला. त्याबद्दल शेवटी लिहिते.

रोल धुऊन झाल्यावर तुम्ही विचारलंत, "बोल आता, किती द्यायचे?" मी कॅमेरा उचलून पिशवीत टाकला. तुम्हाला नवल वाटल्याचं दिसलं नाही. लेन्स साफ केल्याचे दोनशे रुपये मात्र तुम्ही मोजून घेतलेत आणि पावतीही फाडलीत. ती पावती अजून माझ्याकडे आहे.

त्यानंतर दर शनिवारी दुपारी बँकेतून सुटले की मी तुमच्याकडे यायला लागले. जानेवारी २०१२ मध्ये कोडॅकने अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केल्याची बातमी आली. तुम्ही ती शेवटपर्यंत वाचलीत, पेपराची घडी केलीत आणि मला म्हणालात, "चल, रीळ भर." चेंजिंग बॅगेत, म्हणजे उजेड न शिरणाऱ्या पिशवीत, दोन्ही हात घालून, न बघता, फिल्म रिळावर चढवायची. महिनाभर एका वाया गेलेल्या रोलवर सराव करत होते. जोर लावला की फिल्म दुमडते. दुमडली की त्या जागी एकाला एक चिकटते आणि तेवढा भाग कोरा राहतो. शेवटी एकदा आईच्या वाती वळण्याची आठवण झाली. ती वाती वळताना हातांकडे कधी बघायची नाही, गप्पा मारत असायची. मीही तुमच्याशी बोलत राहिले आणि फिल्म आपोआप चढत गेली.

डेव्हलपर, म्हणजे फिल्म धुण्याचं रसायन, २० अंशांवर हवा. मे महिन्यात पुण्यातल्या गच्चीवरच्या टाकीचं पाणी हात पोळेल असं येतं, तेव्हा मोरीत परात मांडून तिच्यात बर्फ, आणि बर्फात बाटल्या. सिलिका जेलचे निळे दाणे ओल पिऊन गुलाबी झाले की जुन्या तव्यावर मंद आचेवर भाजायचे, पुन्हा निळे होतात. तो तवा पोळ्यांना वापरायचा नाही, हे तुम्ही मला दर पावसाळ्यात बजावायचात. आणि या कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरला बंद करायचं बटणच नाही, म्हणून लेन्सचं झाकण काढून ठेवलं की सेल उतरतो. आता माझ्या घरात कुणीही कॅमेऱ्याजवळून गेलं तरी आधी झाकण बघतं.

पण मला खऱ्या अर्थाने शिकवलं ते मीटरबद्दलच्या एका वाक्याने. "याला काळं-पांढरं कळत नाही. हे सगळं करडंच समजतं." मीटर समोरचं दृश्य मध्यम करडं धरून चालतं, साधारण १८ टक्के प्रकाश परत फेकणारं. म्हणून काटा मध्यावर आणून पांढरं धोतर टिपलं तर ते मळकं येतं, आणि काळा पाषाण टिपला तर तो राखाडी. "पांढरं असलं की दार एक स्टॉप उघड, काळं असलं की एक स्टॉप लोटून घे." दार म्हणजे लेन्समधून उजेड आत येण्याची वाट, आणि एक स्टॉप म्हणजे दुप्पट किंवा निम्मा उजेड. हे पाठ करायला तुम्ही मला पाताळेश्वरला पाठवलंत. आठव्या शतकातली ती लेणी, एकाच खडकात कोरलेली, जंगली महाराज रस्त्यावरच्या गर्दीला पाठ करून बसलेली. आतल्या अंधारात कॅमेरा दगडावर टेकवायचा आणि एक सेकंदाचं शटर द्यायचं. पहिल्या रोलमधले खांब सिमेंटचे वाटत होते. तिसऱ्या रोलमध्ये ते बेसॉल्टचे झाले.

आणि मग वारी. दोन्ही पालख्या पुण्यात मुक्कामाला असतात, माउलींची भवानी पेठेत, तुकोबांची नाना पेठेत. फोटो काढणारे बहुतेक जण पुढे दिवे घाटात जागा धरायला जातात. घाटाचा तो फोटो सुंदर असतो, त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण तुम्ही म्हणालात, मुक्कामाच्या गल्ल्यांत जा. तिथे न्हावी फुकट दाढ्या करून देतात, चांभार चपला शिवतात, कुणी पाय चेपून देतं. २०१३ मध्ये तिथल्या एका शाळेच्या पायरीवर एक आजी बसल्या होत्या, डोक्यावरचं तुळशीवृंदावन उतरवून मांडीवर घेतलेलं. पांढरंशुभ्र लुगडं, मागे काळोखी दार. मी विचारलं, त्यांनी मान हलवली. काटा मध्यावर आणला आणि मग एक स्टॉप उघडला.

फोटो चांगला आला. तुम्ही भिंग लावून पाहिलात आणि विचारलंत, "नेऊन दिलास का?"

मी म्हटलं, आता कुठे सापडणार त्या? तेव्हा तुम्ही भिंग खाली ठेवलंत. "घेतलंस ना? मग परत करायला नको?" दिंडीला क्रमांक असतो, फलकावर लिहिलेला असतो, माणसं वर्षानुवर्षं त्याच दिंडीतून चालतात. हे मला कळायला हवं होतं. फोटोच्या कोपऱ्यात फलकाचा तुकडा आला होता, आकडा वाचता येत होता. पुढच्या वर्षी तो आकडा धरून मी दोन गल्ल्या शोधल्या. आजी भेटल्या. त्यांनी फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला.

"माझ्या तोंडाचं काय बघायचं बाई," म्हणाल्या, "पर तुळशीचं पान न् पान उठलंय बघ."

भुरभुर पाऊस होता. फोटो प्लास्टिकच्या कागदात गुंडाळून त्यांनी कनवटीला लावला.

काका, त्या लग्नानंतर माझ्या पोटात जो गोळा होता, तो त्या गल्लीत विरघळला. मी एका माणसाकडून काहीतरी घेतलं होतं आणि ते तिच्या हातात नेऊन ठेवलं होतं. त्यानंतर मी मंडईतल्या बाईंनाही फोटो दिला. तो त्यांच्या पैशांच्या डब्यात असतो. लकडी पुलाखाली गोधड्या धुणाऱ्या एका कुटुंबाला दिला. एकाने तो घेतला नाही. "मला विचारलं होतंत का?" म्हणाले. विचारलं नव्हतं. त्यांच्या डोळ्यांसमोर मी फोटो फाडला, घरी येऊन निगेटिव्हचा तो तुकडाही कापून टाकला, आणि तेव्हापासून विचारल्याशिवाय कुणाच्या अंगावर कॅमेरा रोखलेला नाही.

आता फिल्म महाग झाली आहे, वर्षाला तीन-चार रोल होतात. एरवी मी डिजिटलच वापरते आणि त्याचं मला काही वाईट वाटत नाही. पण बाहेर पडताना तेराच काढायचे, हे ठरलेलं. महिन्याच्या शेवटी छापून घ्यायचे, आणि ज्यांचे त्यांना द्यायचे. बँकेतले सहकारी विचारतात, एवढे चांगले काढतेस तर काहीतरी कर की याचं. मी हेच करते आहे, असं त्यांना सांगते.

२०२० मध्ये तुम्ही दुकान बंद करून लेकीकडे मिरजेला गेलात. तेव्हाचे दिवस असे होते की निरोप द्यायलाही येता आलं नाही. फोनवर तुम्ही फक्त सेल बदललास का, एवढं विचारलंत.

आता त्या छत्तिसाव्या फोटोबद्दल. तुम्ही जिन्याखालच्या दिव्यात, लेन्सची कडी फिरवायचा पाना दोन्ही हातांनी धरून बसला होतात, मागे उजेडाची खिडकी. मी मीटर खिडकीसकट धरलं, त्यामुळे हात काळे पडले. मी छापून आणला तेव्हा तुम्ही तो घेतला नाहीत. "हात कुठायत यात? नीट छापून आण," म्हणालात. मी वहीत ठेवून दिला. अधूनमधून प्रयत्न करायची, सोडून द्यायची. गेल्या महिन्यात निगेटिव्हवरून फोटो मोठा करून छापायच्या एनलार्जरखाली हातांची जागा झाकत, खिडकीला जास्त वेळ देत बसले. दहा कागद वाया गेले. अकराव्यात बोटं दिसली. उजव्या अंगठ्यावरची ती जुनी जखमसुद्धा.

तो या पाकिटात आहे. आता तरी ठेवून घ्या.

दिवाळीनंतर मिरजेला येते. पेन्टॅक्सही आणते, १/१५ च्या खाली शटर रेंगाळायला लागलंय. वंगण सुकलं असावं, असा माझा अंदाज आहे. बरोबर आहे का ते तुम्ही सांगा.

तुमची,
तेरा फोटोवाली