पोवळी फोडायच्या आधी तिथलं विषारी शेवाळ मोजा

संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

लक्षद्वीपला जेट्ट्या, रिसॉर्ट, मोठी धावपट्टी यावर हल्ली बरंच छापून येतं, चर्चा मात्र पोवळी मरतील का आणि पर्यटक किती येतील एवढ्यावरच अडकते. मेलेल्या पोवळ्यावर पुढे काय उगवतं आणि ते फिरून माणसाच्या पोटात कसं येतं याबद्दल कोणी बोलत नाही, म्हणून लिहितोय.

जिवंत पोवळं शेवाळाला सहसा अंगावर बसू देत नाही. पण सुरुंग लावले, ड्रेजिंगचा म्हणजे समुद्रतळ उपसण्याचा गाळ बसला, नांगर घासले किंवा पाणी तापून पोवळं पांढरं पडून मेलं की त्या उघड्या दगडावर बारीक केसाळ शेवाळ धरतं आणि त्यालाच चिकटून गॅम्बिअरडिस्कस नावाचा एकपेशीय जीव वाढू शकतो. त्याच्या काही जाती विष बनवतात, शेवाळ चरणारे मासे ते गिळतात, त्यांना खाणारे गोबरा, तांबोशी, वाम ते अंगात साठवत जातात, डोक्यात आणि यकृतात तर जास्तच. या विषबाधेला सिग्वाटेरा म्हणतात. मासा दिसायला एकदम ताजा, ना वास ना चव, तळा, उकडा, फ्रीजरमध्ये ठेवा, विष तसंच राहतं. उलट्या-जुलाब होतात, ओठ आणि बोटं झिणझिणतात, गार पाण्याचा ग्लास हातात धरला तर चटका बसल्यासारखं वाटतं, काहींना हा त्रास महिनोन्महिने पुरतो. आणि त्यावर खात्रीचा उतारा नाही.

हे घडलेलं आहे. फ्रान्सने १९६६ ते १९९६ मध्ये पॅसिफिक महासागरातल्या मोरुरोआ आणि फांगातौफा या बेटांवर १९३ अणुचाचण्या केल्या, त्यांच्या तयारीसाठी तिथल्याच फ्रेंच पॉलिनेशिया या फ्रान्सच्या ताब्यातल्या बेटांपैकी हाओ बेटावर तळ उभारला, धावपट्टी, बंदर सगळं, रीफ म्हणजे पोवळ्यांचा खडक फोडून आणि भराव टाकून. पुढच्या काही वर्षांतच तिथल्या लोकांना नेहमीचेच मासे खाऊन बाधा व्हायला लागली. गॅम्बिअर बेटांवरही बांधकामानंतर अशीच लाट आली, हा जीव सापडला तोही तिथेच, १९७० च्या दशकात, म्हणून त्याला हे नाव. ऑस्ट्रेलियाचे डॉक्टर टिलमन रफ यांनी १९८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लष्करी कामं आणि या लाटा यांचा संबंध मांडला. चाचण्या दुसऱ्यांच्या, बेटावरच्या माणसाला मात्र दारातला मासा खायची चोरी, याचा मला खरंच राग येतो.

रीफ फोडली की दर वेळी विष येतंच असं नाही, गॅम्बिअरडिस्कसच्या काही जाती अतिविषारी, काही जवळजवळ निरुपद्रवी. पण म्हणूनच तर मोजायला हवं ना? लक्षद्वीपची पोवळी १९९८, २०१० आणि २०१६ ला पांढरी पडली, २०२४ ला परत, म्हणजे शेवाळाला जागा आधीच झालीय, त्यात आपण आणखी खणणार. आणि सिग्वाटेरा फक्त तिकडचा नाही, २०१६ लाच मंगळुरूला तांबोशीची डोकी खाऊन बरेच लोक एकदम आजारी पडले होते. आपल्या कोकणात डोक्याचं कालवण किती आवडीने खातात हे वेगळं सांगायला नको.

मोजणं काही फार अवघड नाही. रीफवरचं मूठभर शेवाळ समुद्राच्याच पाण्यात जोरात हलवायचं, ते पाणी बारीक चाळणीतून गाळायचं आणि मायक्रोस्कोपखाली एका ग्रॅम शेवाळाला गॅम्बिअरडिस्कसच्या किती पेशी आल्या ते मोजायचं. पोवळ्यांजवळ बांधकामाची परवानगी मागणाऱ्या प्रत्येकाला हे मोजमाप बांधकामाआधी आणि नंतर निदान काही वर्षं सक्तीचं करा, विषबाधेची लाट यायला वर्ष-दोन वर्षंही लागू शकतात म्हणून एकदा मोजून भागणार नाही. आकडे पंचायतीच्या बोर्डावर लावा. आणि किनाऱ्यावरच्या आरोग्य केंद्रात जुलाबाचा पेशंट आला तर कुठला मासा खाल्लात आणि गार वस्तू गरम लागते का हे दोन प्रश्न विचारायला तिथल्या डॉक्टर-नर्सना कळवा, याला तर पैसेही लागत नाहीत.

आपला,
एक मासेखाऊ वाचक, देवगड