वापरलेली स्टेशन वॅगन आधी मागून पाहावी

माननीय संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

वापरलेली गाडी घेताना काय पाहावे, याविषयी आपल्या दैनिकात आलेला लेख वाचला. इंजिन, कागदपत्रे आणि आधीचा मालक यांबाबतच्या त्यातील सूचना उपयुक्त आहेत. परंतु लेखकाने सर्व प्रकारच्या गाड्यांना एकच माप लावले आहे आणि ते मला पटलेले नाही. जिला कुठे स्टेशन वॅगन, कुठे इस्टेट, तर कुठे कॉम्बी म्हणतात, ती छत पार मागच्या टोकापर्यंत लांबवलेली आणि मागे उघडणारा मोठा दरवाजा असलेली गाडी मुळात सामान वाहण्यासाठीच घेतली जाते, आणि आधीच्या मालकानेही तिच्याकडून तेच काम करून घेतलेले असते. त्यामुळे तिच्या आयुष्याचा खरा हिशेब इंजिनापेक्षा मागच्या भागात लवकर सापडतो. अशी गाडी पाहायला गेल्यावर बॉनेटला हात लावण्याआधी मागचा दरवाजा उघडावा आणि निम्मा वेळ तिथेच काढावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

हे मत मला फुकट मिळालेले नाही. आईची व्हीलचेअर नेता यावी म्हणून मी पहिली वॅगन घेतली, ती माहितीपत्रकातला डिकीचा लिटरमधला आकडा पाहून. आकडा भरघोस होता. खुर्ची मात्र उभी मावली नाही, आडवी ठेवायची तर चाके काढावी लागत. असे का झाले, याचा शोध घेतल्यावर कळले की युरोपात प्रचलित असलेल्या पद्धतीत २०० × १०० × ५० मिलिमीटरचे, म्हणजे बरोबर एक लिटरचे ठोकळे डिकीत रचून ते मोजतात. ठोकळे कोपऱ्याकोपऱ्यांत, चाकांच्या कमानींच्या मागे आणि खालच्या कप्प्यातही शिरतात, खुर्ची शिरत नाही. शिवाय कोणी डिकीवर ओढायच्या झाकणाच्या पातळीपर्यंत मोजतो, कोणी छतापर्यंत, आणि अमेरिकी पद्धत तर वेगळीच. म्हणून दोन गाड्यांचे आकडे शेजारी ठेवण्याआधी ते एकाच रीतीने काढलेले आहेत का, हे पाहावे, आणि तरीही त्यांवर विसंबू नये.

त्याऐवजी मोजपट्टी न्यावी. दरवाजा उघडल्यावर मोकळ्या तोंडाची उंची आणि रुंदी, चाकांच्या दोन कमानींमधले अंतर, सीट आडवी पाडल्यावर मिळणारी सपाट लांबी, आणि ज्या कडेवरून सामान आत सरकवायचे त्या कडेची जमिनीपासूनची उंची, ही चार मापे कामाची. यांतही शेवटचे माप बहुतेक खरेदीदार विसरतात. पंधरा किलोची वस्तू मांडीच्या उंचीपर्यंत उचलणे आणि कमरेच्या वर उचलणे यांतला फरक एकदा कळत नाही, रोज दोनदा उचलली की कळतो. उंच एसयूव्हीपेक्षा वॅगन सोयीची ठरते, ती मुख्यतः या खालच्या कडेमुळे. काही वॅगनमध्ये ही कड आणि आतली फरशी एकाच पातळीत असतात, काहींत आत चार बोटांचा खड्डा असतो, आणि जड वस्तू बाहेर काढताना तो खड्डा अंगावर येतो. मागची काच फार तिरकी असलेली वॅगन दिसायला देखणी असते, पण वरची उपयुक्त जागा ती काच खाऊन टाकते. १९७४ ते १९९३ अशी तब्बल एकोणीस वर्षे निघालेल्या व्होल्वो २४० ची वॅगन पाठीमागून पेटीसारखी चौकोनी होती. तिच्या रूपाची थट्टा झाली, पण डिकीविषयी कोणी तक्रार केल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे जी वस्तू नेहमी न्यायची ती सोबत घेऊनच गाडी पाहायला जाणे. दुसऱ्या खेपेस मी खुर्ची घेऊन गेलो. विकणाऱ्या गृहस्थांना आधी ते चमत्कारिक वाटले. मग तेही उत्साहाने सीट पाडून देऊ लागले, आणि त्या खटाटोपातच उजवीकडच्या सीटची कडी अडकते, हे आम्हा दोघांनाही एकाच वेळी समजले.

जागा पुरेशी आहे म्हणून वजनही पेलेल, असे समजणे ही दुसरी चूक. दरवाज्याच्या खांबावर किंवा बॉनेटखाली एक पट्टी असते, तिच्यावर गाडीचे जास्तीत जास्त अनुज्ञेय वजन लिहिलेले असते. त्यातून रिकाम्या गाडीचे वजन वजा केले की भारक्षमता निघते. उदाहरणार्थ, २,०५० किलोतून १,५२० गेले की ५३० किलो उरतात. प्रत्येकी ७५ किलोची पाच माणसे बसली की ३७५ किलो तिथेच संपले, आणि अवाढव्य दिसणाऱ्या डिकीत १५५ किलोच ठेवता येतात. (रिकाम्या वजनात काही ठिकाणी ७५ किलोचा चालक आधीच धरलेला असतो, तेवढे पाहून घ्यावे.) छतावरच्या कॅरिअरची मर्यादा तर याहून तोकडी, बहुधा ७५ ते १०० किलो, आणि त्यात कॅरिअरचे स्वतःचे वजनही आले.

आधीच्या मालकाने ही मर्यादा पाळली की नाही, हे गाडीच सांगते. सपाट जागेवर रिकामी उभी असताना तिची मागची बाजू खाली बसलेली दिसते का, हे दहा पावले दूर जाऊन पाहावे. मागच्या टायरांच्या आतल्या कडा जास्त झिजलेल्या असतील, तर मागे वाकून हात फिरवल्याशिवाय ते कळत नाही. मागचे शॉक ॲब्सॉर्बर तेलाने ओले आहेत का, स्प्रिंगचे टोक तुटले आहे का, हेही तिथेच दिसते. भार आला तरी मागची बाजू समपातळीत ठेवणारी व्यवस्था अनेक वॅगनमध्ये असते. मर्सिडीजने १९७७ मध्ये आपली टी मालिकेतील पहिली वॅगन आणली, तेव्हाच तिच्यात तेल आणि वायूच्या दाबावर चालणारी अशी व्यवस्था दिलेली होती. नव्या गाडीत ही चैन असते, जुन्या गाडीत ती खर्चाची बाब होते. हवेवर चालणाऱ्या व्यवस्थेत रबरी फुगे कालांतराने भेगाळतात, हवा हळूहळू गळते आणि ती भरून काढता काढता कॉम्प्रेसरही जळतो. म्हणून गाडी पाहायला सकाळी, ती रात्रभर उभी राहिल्यानंतर जावे, आणि आपण येण्याआधी ती सुरू करू नये, असे मालकाला सांगून ठेवावे. एक कोपरा खचलेला दिसला, की उत्तर मिळाले. रस्त्याच्या हेलकाव्यांतूनच स्वतःला उंचावून घेणारे शॉक ॲब्सॉर्बर ज्या गाडीत असतात, तिथे आणखी एक फसगत होते: स्वस्तात भागावे म्हणून त्यांच्या जागी साधे बसवले जातात. मुळात भाराचा काही वाटा त्या विशेष शॉक ॲब्सॉर्बरवर सोपवून स्प्रिंग नरम ठेवलेली असते. त्यामुळे साधे बसवले आणि स्प्रिंग तीच ठेवली, तर चार माणसे बसताच गाडी मागून बसते. पावत्या पाहिल्या तर हे लपत नाही.

ट्रेलर ओढायचा हूक असेल तर त्याचा गोळा पाहावा. रंग शाबूत असेल तर तो फारसा वापरलेला नाही. घासून चकचकीत झाला असेल तर क्लच आणि गिअरबॉक्स यांनी कष्ट काढले आहेत असे समजून चढणीवर गाडी चालवून पाहावी.

आता मागच्या दरवाज्याविषयी, कारण मला सर्वाधिक मनस्ताप त्यानेच दिला. वॅगनचा हा दरवाजा मोठा आणि जड असतो आणि तो गॅसच्या दोन दांड्यांवर उभा राहतो. दांडे थकले की दरवाजा आधी थरथरतो, मग सावकाश डोक्यावर उतरतो. दांडे बदलणे सोपे असते. खरी कटकट दरवाज्यात जाणाऱ्या विजेच्या तारांची. छत आणि दरवाजा यांच्या मधल्या रबरी नळीतून या तारा जातात, हजारो वेळा वाकतात आणि शेवटी आतून तुटतात. मग मागचा वायपर एक दिवस चालतो, एक दिवस नाही, नंबरप्लेटचा दिवा जातो, कुलूप लागत नाही, काचेवरचे धुके हटवणाऱ्या तारा तापत नाहीत. माझ्या पहिल्या गाडीत हे सगळे एकेक करून झाले आणि एका गॅरेजमध्ये प्रत्येक खेपेस वेगळा सुटा भाग बदलून दिला गेला, ती रबरी नळी सोलून पाहण्याचे कोणाच्याही मनात आले नाही. म्हणून मागची प्रत्येक विजेची सोय सुरू करावी आणि ती चालू असतानाच दरवाजा अर्धा उघडून पुन्हा मिटावा.

त्यानंतर डिकीतील गालिचा उचलून स्टेपनीचा खड्डा बघावा. पाणी टेललॅम्पच्या रबरातून, छतावरच्या पट्ट्यांच्या बैठकीतून किंवा दरवाज्याच्या कडेच्या रबरातून शिरते आणि याच खड्ड्यात साचते. एका गाडीचा मालक गाडी कालच धुतली म्हणून ओल आहे असे सांगत होता. स्टेपनी उचलली तर मधल्या बोल्टभोवती गंजाची तीन वर्तुळे एकाबाहेर एक उमटलेली होती, आटलेल्या तळ्याच्या काठावर दिसावीत तशी. ती एका दिवसात उमटत नाहीत. काही गाड्यांत बॅटरी किंवा इलेक्ट्रॉनिक पेट्या याच भागात बसवलेल्या असतात, हे लक्षात घेतले म्हणजे कुबट वासाकडे काणाडोळा करवत नाही. स्टेपनी जागेवर आहे की तिच्याऐवजी पंक्चर भरण्याची नुसती बाटली आहे, हेही तेव्हाच कळते.

डिकीवरचे गुंडाळता येणारे झाकण आणि सीटच्या मागे लावायचे आडवे जाळे बहुतेक जुन्या वॅगनमधून हरवलेले असते. या वस्तू त्या त्या गाडीच्या मापाच्याच लागतात, वेगळ्या शोधायला गेल्यास सहज मिळत नाहीत आणि मिळाल्यास महाग पडतात. जाळे ही शोभेची वस्तू नव्हे. सेदानमध्ये सामान आणि माणसे यांच्यामध्ये आडोसा असतो, वॅगनमध्ये छतापर्यंत भरलेले सामान जोरात ब्रेक लागताच थेट मानेवर येते. जाळे नसेल तर भाव त्या प्रमाणात उतरवून मागावा.

इंजिनाविषयी मूळ लेखात पुरेसे आले आहे, एकच भर घालतो. डिझेल वॅगन हायवेवर लांब धावलेली असेल तर किलोमीटरचा मोठा आकडा पाहून लगेच नाक मुरडू नये. त्याउलट घर ते बाजार एवढ्याच छोट्या फेऱ्या करणाऱ्या गाडीत काजळी धरणारी गाळणी पुरेशी तापत नाही आणि तुंबते; आपला स्वतःचा वापर तसाच असणार असेल तर पेट्रोलची गाडी शोधावी.

वॅगन आता जुनी फॅशन झाली, एसयूव्हीच घ्या, असा सल्ला देणारे बरेच भेटतात. फोक्सवॅगनने २०२३ मध्ये पसाटची नवी पिढी युरोपसाठी आणली, ती फक्त वॅगनच्या रूपात, सेदान वगळली. तेव्हा हा प्रकार संपला असे मानून वापरलेली चांगली वॅगन हातची घालवण्याचे कारण मला तरी दिसत नाही.

आपणांस एक विनंती आहे. गाड्यांची तुलना करणारा तक्ता यापुढे छापताना लिटरच्या रकान्याशेजारी डिकीच्या कडेची जमिनीपासूनची उंची, दरवाज्याच्या तोंडाची उंची आणि भारक्षमता असे तीन रकाने वाढवावेत. ही मापे घ्यायला आपल्या प्रतिनिधीला मोजपट्टी आणि दहा मिनिटे लागतील. मला ती न घेतल्यामुळे एक गाडी तोट्यात विकावी लागली.

आपला विश्वासू,
एक वाचक